बायो गेली तो मार्च

यंदा दहावीच्या सुपरविजनसाठी मला पालघरमधली जी शाळा मिळाली आहे, तिच्या मागच्या भिंतीला लागून एक वस्ती आहे. पहिल्या दिवशी मराठीचा पेपर होता. मुलांनी उत्तरपत्रिकांवर स्टिकर चिकटवले होते, मी सह्या करत बाकांमधून फिरत होते, पंखा डोक्यावर कुरकुरत होता, आणि तेवढ्यात खिडकीखालून एका कोंबडीनं ओरडायला सुरुवात केली. अंडं घातल्यावर कोंबडी साऱ्या गावाला सांगत सुटते, तसं. मागच्या बाकांवरच्या मुलांनी माना खाली घालून हसू दाबलं. खिडकीशेजारची मुलगी मात्र लिहायची थांबली आणि बाहेर बघू लागली. नियमानं मी तिला 'समोर बघ' म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही, कारण मीही बाहेरच बघत होते.

शिक्षकाच्या आयुष्यात मार्च दरवर्षी सारखाच येतो. खाकी पाकिटं, पुरवण्या बांधायचा दोरा, मुलांच्या तळहातांचा घाम लागून मऊ पडलेली हॉल तिकिटं. बाहेर आंब्याचा मोहर गळून बारक्या कैऱ्या दिसायला लागलेल्या असतात. सकाळी गारवा असतो आणि पेपर सुटेपर्यंत डांबर मऊ होतं. असे कितीतरी मार्च माझ्या मागून निघून गेले आणि एकमेकांत मिसळून गेले. एक मात्र त्यांच्यात मिसळत नाही. त्या वर्षी माझी मुलगी ऋतुजा दहावीला होती, आणि ऐन परीक्षेत आमच्या घरातली कोंबडी म्हातारपणानं गेली.

हे वाक्य मी तेव्हा स्टाफरूममध्ये बोलून गेले होते. एक सहकारी डब्यातून मान वर करून म्हणाले, "मॅडम, कोंबडी म्हातारी होते?" त्यांनी चेष्टा केली नव्हती. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. आपण कुत्रा म्हातारा झालेला पाहतो, बैल पाहतो. कोंबडीला कुणी तेवढा वेळच देत नाही.

बायोला तो वेळ कसा मिळाला, ते सांगायचं तर आधी सासूबाईंबद्दल सांगायला हवं.

सासूबाई नवापूरच्या. घर समुद्राच्या इतकं जवळ की भरतीच्या दिवसांत ओटीवर बसून लाटा मोजाव्यात. सासरे होडीवर जायचे, सासूबाई मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायच्या. माझं माहेर नगरकडचं. नोकरीमुळे इकडे आले आणि इकडचीच झाले. नवरा, महेश, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, शिफ्टमध्ये. आम्ही बोईसरमध्ये एक छोटं बैठं घर घेतलं, मागे थोडं परस होतं, त्यात शेवग्याचं एक झाड. सासरे गेले, होडी विकली गेली, आणि सासूबाईंचे गुडघे टोपली डोक्यावर घेऊ देईनात, तेव्हा महेश त्यांना घेऊन आला. रिक्षातून उतरल्या त्या एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या काखेत कोंबडी घेऊन.

तशी ती अजून पुरती कोंबडी नव्हती, तलंग होती. म्हणजे अंड्यावर यायच्या वयातली पोर. तांबूस रंगाची, आणि मान साफ बोडकी. त्या जातीला मानेवर पिसंच नसतात हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, हिला काहीतरी रोग झाला आहे.

"एकटीच उरली," सासूबाई म्हणाल्या. "बाकीच्या वाटून आले. हिला कोन घेईना, मान बघून."

ऋतुजा तेव्हा दुसरीत होती. तिनं विचारलं, "आजी, हिचं नाव काय?"

"कोंबडीला कसलं नाव?" सासूबाई म्हणाल्या आणि पिशवी घेऊन आत गेल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते, तेव्हा खिडकीतून ऐकू आलं, "ये गो बायो, ये. नवी जागा हाय, भिऊ नको." आमच्या किनाऱ्यावर लेकीबाळींना लाडानं बायो म्हणतात. तेच नाव झालं.

परसात महेशनं फळ्या ठोकून खुराडं केलं. सकाळी सगळ्यांच्या आधी सासूबाई उठायच्या, खुराड्याचं दार काढायच्या आणि शेवग्याखाली उकिडवं बसता येत नाही म्हणून पाटावर बसायच्या. बायो समोर माती उकरायची. आणि सासूबाई तिच्याशी बोलायच्या. हे बोलणं म्हणजे चार गोड शब्द नव्हते. सविस्तर बोलणं असायचं. काल कुणाचा फोन आला, नवापुरात कुणाच्या सुनेला मुलगा झाला, बाजारात पापलेट कसलं बारीक येतंय, आमच्या वेळी असलं आमी मांजराला घातलं असतं. मधूनच त्या थांबायच्या, बायो घशातल्या घशात काहीतरी गुरगुरायची, आणि सासूबाई "हां, तेच तर" म्हणून पुढे चालू.

त्या बोलण्यात माझाही उल्लेख असायचा. "सूनबाय चांगली हाय गो, पन कालवनात चिंच घालताना हात आकडतो तिचा." मी खिडकीच्या आत, त्या खिडकीच्या बाहेर, मध्ये फक्त जाळी. मला ऐकू जातं हे त्यांना ठाऊक होतं असं मला आजही वाटतं. मी दुसऱ्या दिवशी चिंच थोडी जास्त घालायची. त्याच्या पुढच्या सकाळी परसातून बातमी यायची, "काल बरं झालं हुतं." आमच्या घरात सासू-सुनेचं भांडण फारसं झालं नाही, त्याचं बरंचसं श्रेय त्या बोडक्या मानेच्या पक्ष्याला द्यायला हवं.

आषाढ संपत आला की आमच्याकडे पाहुणे येतात. श्रावण लागायच्या आधी मटण-कोंबडी खाऊन घ्यायची ती गटारी. आलेला प्रत्येक जण परसात डोकावून एकच विनोद करायचा, आणि सासूबाई दर वर्षी म्हणायच्या, "हां, या गटारीला कापू हिला." पहिल्या वर्षी म्हणाल्या, आता अंड्यावर हाय, राहू दे. पुढच्या वर्षी म्हणाल्या, खुडूक बसलीय, अंग तापलेलं हाय, मास कडू लागंल. मग एकदा म्हणाल्या, पिसं झडलीत, सोलायला त्रास. शेवटी बायोनं अंडी द्यायचं पूर्ण बंद केलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता काही कारण उरलं नाही. त्या वर्षी सासूबाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "आता कापून काय उपेग? शिजायची नाय. कुकर फुटंल." आणि महेशला बाजारातून कोंबडी आणायला पाठवलं. बाजारातली कोंबडी आम्ही सगळ्यांनी जेवलो. सासूबाईसुद्धा. उरलेला भात त्यांनी बायोला नेऊन घातला. यात काही विसंगत आहे असं त्या घरात कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही.

म्हातारपण कोंबडीलाही हळूहळू येतं. आधी तुरा फिका पडला. मग पायांवरचे खवले जाड झाले, नखं वाकली. एक डोळा दुधाळ झाला, तेव्हापासून ती दाणे टिपताना मान तिरकी करून दुसऱ्या डोळ्यानं बघायची आणि तरी चोच थोडी बाजूला पडायची. खुराड्यातल्या दांडीवर उडी मारता येईना, म्हणून महेशनं विटांची पायरी करून दिली. पुढे पायरीही चढता येईना, मग ती खालीच भुश्यात बसून राहायला लागली. सासूबाईंचेही गुडघे तोवर पार गेले होते. सकाळी दोघी सारख्याच वेगानं परसात यायच्या. एक काठी टेकत, एक पंख थोडे पसरून तोल सांभाळत.

त्या मार्चमध्ये, परीक्षा सुरू व्हायच्या थोडं आधी, बायोनं खाणं कमी केलं. उन्हं एकदम वाढली होती. ती शेवग्याच्या बुंध्याशी मातीत खड्डा करून बसायची आणि चोच उघडी टाकून धापा टाकायची. सासूबाई तिला गुळाचं पाणी पाजायच्या, पेज करून बोटानं भरवायच्या. महेश तिला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर भले होते. त्यांनी तिला नीट तपासलं आणि सांगितलं, वय झालंय, सावलीत ठेवा, पाणी देत राहा, दुसरं काही करण्यासारखं नाही.

महेशला काळजी ऋतुजाची होती. ती बायोबरोबरच वाढली होती. दप्तर टाकून आधी परसात जायची, शाळेतल्या निबंधात 'माझा आवडता प्राणी' म्हणून बायो लिहायची, आणि बाई 'कोंबडी पाळीव पक्षी आहे, प्राणी नाही' असा शेरा मारायच्या.

"पेपर चालू असताना काही झालं तर?" महेशनं मला विचारलं. तो चप्पल घालून ड्यूटीवर निघाला होता, आवाज खाली होता. "तिला आत्ता सांगायचं नाही. शेवटचा पेपर होऊ दे. म्हणू, आजीनं नवापूरला पाठवली."

"तिला खोटं पटेल?"

"पटवू."

मला ते पटलं नव्हतं. पण दहावी आपल्याकडे घराला अशी काही व्यापून टाकते की माणूस तिच्यासाठी कशाचीही तडजोड करायला तयार होतो. टीव्ही बंद, पाहुणे बंद, मोठ्यानं शिंकणं बंद. त्यात एक मरणही थांबवून ठेवावं असं आम्हाला वाटलं, याचं आज नवल वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं. सासूबाईंना आम्ही काही विचारलंच नाही. मासळी कापण्यात सगळं आयुष्य गेलेली बाई, तिला एका कोंबडीचं काय, असं आम्ही न बोलता धरून चाललो होतो.

भूमितीच्या पेपरच्या दिवशी बायो गेली. सकाळी मी पालघरला ड्यूटीवर गेले, ऋतुजा बोईसरमधल्याच केंद्रावर. महेश नाइट करून येऊन झोपला होता. दुपारी मी घरी पोचले तर दार नुसतं लोटलेलं, आत सामसूम. मागच्या दारात गेले. शेवग्याखाली सासूबाई पाटावर बसल्या होत्या, पाठ भिंतीला टेकलेली, पदर मांडीवर पसरलेला. पदराखाली बायो होती, हे तिची नखं बाहेर दिसत होती त्यावरून कळलं. शेजारी जमिनीवर, शाळेच्या गणवेशात, कंपासपेटी मांडीवर घेऊन ऋतुजा बसली होती. 

ऋतुजा उठून माझ्याकडे आली. मला धरून आत स्वयंपाकघरात नेलं आणि हळूच म्हणाली, "आई, बायो गेली. सकाळीच. आजीला काही बोलू नकोस आत्ता."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. डोळे लाल होते, पण ती रडत नव्हती.

"पेपर?"

"बरा गेला. एक प्रमेय राहिलं." मग म्हणाली, "बाबांना आजीनं उठवलं नाही. म्हणाली, शिफ्ट करून आलाय. ती सकाळपासून तशीच बसलीय. पाणीसुद्धा प्यायली नाही."

ज्या मुलीपासून आम्ही हे लपवणार होतो, ती आम्हाला काय करायचं ते सांगत होती.

महेशला उठवलं. तो बनियनवरच परसात येऊन उभा राहिला. शेजारचे पांडेजी भिंतीवरून डोकावले. ते उत्तर प्रदेशातले, कारखान्यातच कामाला, आमच्या घरावर जीव असलेले. त्यांनी अंदाज घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, "भाभी, घंटागाड़ी तो सुबह ही आएगी. तब तक गर्मी में…"

महेशनं मान वर केली. "गाडीत नाही द्यायची, पांडेजी. इथेच पुरू."

पांडेजींनी मान हलवली. मग आत गेले आणि कुदळ घेऊन आले. परसातली जमीन मुरुमाची, वर कडक झालेली. दोघांनी आळीपाळीनं शेवग्यापासून थोड्या अंतरावर खड्डा खणला. कुदळीचा आवाज ऐकून आजूबाजूच्या गॅलरीत माणसं आली, बघितलं, आत गेली. कुणी हसलं असेल तर आम्हाला दिसलं नाही.

खड्डा झाला. मी सासूबाईंजवळ वाकले. "आई, द्या माझ्याकडे, मी घेते." त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. हात पदरावर तसाच. ऋतुजा म्हणाली, "आजी, देतेस?" तरी नाही.

मग महेश त्यांच्यासमोर मातीत बसला. त्याचे हात मुरुमानं लाल झाले होते. तो म्हणाला, "आय, दे माज्याकडं. लय येळ घेऊन बसलीस. तुजं पाय भरून आलं असतील."

त्यांनी पदर बाजूला केला आणि बायोला त्याच्या हातात दिलं.

मी तिथे उभी होते आणि मला ऐकू आलं ते त्याचं बोलणं. आमच्या लग्नापासून महेश आईला 'आई' म्हणत आला होता. माझ्यासारखं, पुस्तकातल्यासारखं. शाळेला तो पालघरला राहिला, कारखान्यात हिंदी, घरी माझ्याशी आणि पोरीशी शाळेची मराठी. त्यानं 'आय' कधी सोडलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. सासूबाईही आमच्याशी बोलताना कामापुरतं, शब्द जमेल तेवढे पुसून बोलायच्या, पाहुण्यांसमोर बोलतात तसं. सगळी वर्षं मला वाटत होतं की माणसांत त्या मितभाषी आहेत.

माती लोटून झाल्यावर त्या भिंतीला धरून उठल्या आणि कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "जन्मभर मासळी कापली. एवढी मेलेली बघितली, पन सगळी आमीच मारलेली. आपसूक, म्हातारं होऊन मेलेलं जनावर मी आज पैल्यांदा बघितलं." मग पदर झटकत म्हणाल्या, "येळ लागतो तेला. मान टाकायला लय येळ लागतो."

पुढचे दिवस विचित्र होते. ऋतुजा अभ्यास करत होती, पेपर देत होती. रात्री एकदा उशीत तोंड घालून रडली, मी पाठीवरून हात फिरवला, आणि सकाळी विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसली. तिचं दुःख वयाला साजेसं, वाहतं होतं. सासूबाईंचं तसं नव्हतं. त्या पहाटे उठायच्या, सवयीनं परसाचं दार उघडायच्या, पाटावर बसायच्या. आणि गप्प. जेवायला बसल्या की दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. मी "आई, काय झालं, आवडलं नाही का?" विचारलं की "चांगलं हाय" एवढंच. कालवणात काय कमी, काय जास्त, हे कळायची माझी वाटच बंद झाली होती.

पहाटे जाग आली की मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. घड्याळ बंद पडल्यावर वाटतं तसं. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं की सकाळी खिडकीतून येणारं ते बोलणं नाही. मी वर्षानुवर्षं त्या आवाजावर चहा टाकत होते. म्हातारी माणसं जनावरांशी बोलतात, त्यात काय, असं समजत होते. आता ते थांबल्यावर कळलं की या घरात त्यांच्या बोलीत त्या मनमोकळं फक्त तिथेच बोलत होत्या. नवापूरची हवा, माणसं, शिव्या, विनोद, सगळं त्या बोलीत होतं, आणि ते ऐकून घेणारा जीव एकच होता. तो मातीखाली गेला. कोंबडीला त्यातलं काय कळत असेल कोण जाणे. पण ती दुसऱ्या भाषेत उत्तर देत नव्हती, एवढं नक्की.

महेशला वाटलं, घरात पिल्लू आणावं. एका रविवारी तो बाजारातून खोक्यात एक पिल्लू घेऊन आला, तेही बोडक्या मानेचं. मुद्दाम शोधलेलं. सासूबाईंनी खोक्यात पाहिलं, एका बोटानं त्याची मान चाचपली.

"परत देऊन ये."

"आई, राहू दे ना. सोबत होईल."

"एक मेली म्हनून दुसरी? मानसाचं असं करतां का तुमी?" आवाज चढलेला नव्हता. "आनि माजं वय बघ. हिला मी म्हातारी होईपर्यंत बघनार हाय? मी आदी जानार, मंग ही कोनाकडं बघंल?"

महेश खोकं उचलून पांडेजींकडे गेला. त्यांच्या मुलांनी ते ठेवून घेतलं.

ऋतुजानं जे केलं ते मला सुचलं नसतं. इतिहासाचा पेपर दोन दिवसांवर होता. ती पुस्तक घेऊन परसात गेली, आजीच्या पाटाशेजारी बसली आणि मोठ्यानं वाचू लागली. प्रसारमाध्यमं, पर्यटन, खेळांचा इतिहास. वाचता वाचता मध्येच थांबून विचारायची, "आजी, याला तुमच्याकडे काय म्हणतात?" बाहुलीला काय म्हणतात, विटीदांडूला काय म्हणतात. सासूबाई पहिल्यांदा नुसतं "काय म्हनतात, तेच म्हनतात" म्हणाल्या. पोरगी हटली नाही. संध्याकाळपर्यंत आतमध्ये मला आजीचा आवाज ऐकू आला. ऋतुजाचे उच्चार सुधारण्याचं काम चाललं होतं. "तसं नाय गो. तोंड उघडून बोल. तू तर सायबीन झालीस."

मीसुद्धा एकदा प्रयत्न केला. ताट वाढताना म्हटलं, "आय, जेवाला चला." महेशचा घास हातात थांबला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"तू ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तुजं तुला शोभतं." पण जेवल्या.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. ऋतुजा नाशिकला शिकते. फोनवर आजीशी बोलताना तिच्या तोंडात मधूनच असा एखादा शब्द येतो की तिच्या मैत्रिणी तिला अर्थ विचारतात. सासूबाई दर वर्षी शिमगा झाला की नवापूरला पुतणीकडे जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. परवा पेपर संपल्यावर मी त्यांना फोन केला, खिडकीखालच्या कोंबडीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पैलं अंडं आसंल. पैल्या अंड्याला लय बोंब मारतात." फोनमधून मागे बायकांचे आवाज येत होते, त्यांना कुणीतरी हाक मारत होतं, त्यांनी घाईनं फोन ठेवला.

हे जाणं सुरू झालं त्याच मार्चमध्ये. शेवटचा पेपर झाला त्या दिवशी महेशला सुट्टी होती. ऋतुजानं विचारलं, कुठे जायचं? आम्हाला वाटलं ती सिनेमा म्हणेल. ती म्हणाली, आजीच्या गावाला.

उन्हं उतरल्यावर आम्ही पोचलो. किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले होते, जोडीजोडीनं अडकवलेले, वाऱ्यानं हलणारे. तो खारट, दाट वास मला आधी सोसायचा नाही, आता घराच्या वासांतला एक झाला आहे. खाली ताडपत्रीवर सुकटीचा बारीक जवळा पसरला होता आणि चारपाच बायका त्यातला कचरा निवडत होत्या. सासूबाईंना लांबून पाहून त्यांतली एक उभी राहिली. सासूबाईंच्याच वयाची, त्यांची बाजारातली जुनी सोबतीण.

"ये गो, कवा आलीस?"

सासूबाईंनी काठी बाजूला टाकली, कुणाच्या तरी खांद्याला धरून ताडपत्रीच्या कडेला बसल्या आणि कुणी न सांगता त्यांचे हात जवळ्यात गेले. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्या सोबतिणीनं विचारलं, "आनि तुजी बोडकी? हाय का अजून?"

"गेली."

एवढंच म्हणून त्या थांबतील असं मला वाटलं. पण त्या बोलू लागल्या. मला अर्धंमुर्धं कळत होतं, वाऱ्यानं शब्द उडत होते. गुळाचं पाणी, दुधाळ डोळा, कुकर फुटेल म्हणून पाहुण्यांना सांगितलेलं ते, लेकानं खणलेला खड्डा. मध्येच बायका मोठ्यानं हसल्या, मध्येच सगळ्यांचे हात थांबले. एकीनं विचारलं, शेवटी मान टाकली की पाय ताणले? सासूबाईंनी हातानं करून दाखवलं. दुसरी म्हणाली, माझ्या आयच्या मांडीवर एक मांजर असंच गेलं होतं, आणि तिनं ती हकीकत सांगितली. सासूबाई पदरानं डोळे पुसत ऐकत होत्या आणि जवळ्यातून बारके शिंपले काढून बाजूला टाकत होत्या. आमच्या घरात इतके दिवस आम्ही त्यांना विचारत होतो, आई, काय होतंय? त्यांना काय होत होतं ते सांगायला ही जागा लागत होती, ही माणसं, आणि हाताला हे काम.

अंधार पडायच्या बेतात महेश म्हणाला, "आय, निघायचं?"

त्यांनी वर पाहिलं. "तुमी जावा. मी ऱ्हाते चार दिस. पुतनीकडं निजंन."

महेशनं माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या गोळ्या घरी होत्या, बदलायला लुगडं नव्हतं, गुडघ्याला लावायचं तेल नव्हतं. हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "राहा. उद्या गोळ्या पाठवते."

ऋतुजा त्यांच्या गळ्यात पडली. आम्ही वाळूतून रस्त्याकडे चालू लागलो. मासळी विकून घरी परतणारी एक बाई रिकामी टोपली कमरेवर घेऊन आमच्या बाजूनं मांडवाकडे गेली. ती ताडपत्रीपाशी पोचली, टोपली खाली ठेवली आणि काय चाललंय म्हणून विचारती झाली. मी मागे वळून पाहिलं. सासूबाईंची पाठ आमच्याकडे होती. त्यांनी तिला बसायला थोडी जागा करून दिली, हात झटकले, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.